ज्याचं दार ठोठावता येत नाही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, सोबत पाठवलेलं बँक स्टेटमेंटही पाहिलं. सट्ट्याच्या साइटवर अडकलेले जिंकलेले १,८४,००० रुपये सोडवण्यासाठी ते मागतात तसा ५५,२०० रुपये 'टीडीएस' आधी भरावा का, असा तुझा प्रश्न आहे. भरू नकोस, एक रुपयाही भरू नकोस. ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर आपल्याकडे ३० टक्के कर आहे हे खरं, पण तो पैसे देणाऱ्याने कापून घ्यायचा असतो आणि सरकारकडे भरायचा असतो. जिंकणाऱ्याने तो कुणाच्या तरी यूपीआयवर आगाऊ पाठवायचा, अशी पद्धत कुठेही नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण त्याच्या पुढे तू जे लिहिलं आहेस, त्यामुळे मला रात्री झोप लागली नाही. 'काका, साइट फेक नाही, तिच्याकडे परदेशातलं लायसन्स आहे, सुरुवातीला दोनदा पैसे आलेसुद्धा, आणि नवीन कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही.' हे सगळं खरं धरलं तरी तुझे पैसे गेलेले आहेत. का गेले ते समजून घे.

माझा सगळा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. त्यात मी एकच गोष्ट शिकलो आणि ती सोडायला मी आजही तयार नाही. ज्याचं दार ठोठावता येत नाही, त्याच्याकडे पैसा ठेवायचा नाही. व्याज किती मिळतं, बोनस किती मिळतो, हे नंतर. उद्या पैसे बुडाले तर कुठल्या इमारतीत जायचं आणि कुणासमोर उभं राहायचं, हे आधी.

तू दिलेली लिंक मी उघडली. तळाशी कुरासाओच्या परवान्याचं चिन्ह आहे. त्यावर बोट ठेवलं तर काहीच उघडत नाही, ते नुसतं चिकटवलेलं चित्र आहे. कुरासाओ हे कॅरिबियन समुद्रातलं, नेदरलँड्सच्या राज्यात मोडणारं बेट. तिथे वर्षानुवर्षं चार मुख्य परवानाधारक आणि त्यांच्या छत्राखाली असंख्य उपपरवाने, असा कारभार होता. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा आला. ते चांगलंच झालं, पण आपल्याला त्याचा उपयोग शून्य. त्या बेटावरचा परवाना भारतात धंदा करायची परवानगी देत नाही, आणि चाकणहून तू तिथे तक्रार कुणाकडे नेणार?

बरं, समज ही कंपनी कुरासाओत नसून आपल्या सांगलीत मारुती रोडवर असती. तरीही जिंकलेल्या पैशासाठी तुला दावा लावता आला नसता. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० वाच. पैजेचा करार रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी कोर्टात जाता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीतल्या काही बक्षिसांपुरता त्याला अपवाद आहे, बस. म्हणजे त्या बेटावरचं दार लांब आहे आणि इथलं कोर्टाचं दार बंद आहे. तरी तू म्हणतोस, साइट फेक नाही!

आता कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. परदेशात बसून भारतातल्या लोकांना खेळवणारेही त्यात येतात. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे तू बरोबर वाचलंस, कारण तो कायदा खेळणाऱ्याला फसवला गेलेला माणूस समजतो. त्याचा अर्थ तू 'मग चालतं' असा कसा काय काढलास? त्यानंतर इथल्या नोंदणीकृत कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. त्या कंपन्या मला कधीच आवडल्या नाहीत, पण त्यांचं इथे कार्यालय होतं, पॅन होता, जीएसटी होता. आता उरलेत ते ब्लॉक झालं की नावापुढे एखादा आकडा जोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवणारे.

तू गोव्याच्या कॅसिनोचं उदाहरण दिलंस. मांडवीतल्या त्या बोटींवर मी कुणाला जायला सांगणार नाही. पण तिथे राज्याचा परवाना आहे, १९७६ चा गोव्याचा कायदा आहे, आणि भांडण झालं तर पणजीत जाऊन दाद मागायची सोय आहे. जुगार वाईट हे माझं मत तू मानू नकोस हवं तर. मी जुगाराबद्दल बोलतच नाहीये, मी दाराबद्दल बोलतोय.

आता तुझं स्टेटमेंट. यातल्या नोंदी तू स्वतः एकदा तरी नीट वाचल्यास का? पहिले २,००० गेले ते एका मोबाईल शॉपीच्या खात्यात. पुढचे ५,००० कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'ला. त्यानंतर एका बाईच्या वैयक्तिक यूपीआयवर, मग एका ट्रेडर्सला, आणि एकही नाव पुन्हा आलेलं नाही. परदेशी कंपनीच्या साइटवर आयपीएलच्या मॅचवर पैसे लावतोस, तर ते मोबाईल शॉपीच्या खात्यात का जातात, हा प्रश्न तुला पडायला हवा होता. सट्ट्यासाठी बँकेतून उजळ माथ्याने परदेशी पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून ही भाड्याची खाती लागतात. महादेव ह्या सट्ट्याच्या ॲपच्या तपासात ईडीने हेच सांगितलं होतं: सूत्रं दुबईतून, इथे नफ्याच्या ७०-३० वाटणीवर दिलेली 'पॅनल', म्हणजे सट्टा चालवायच्या शाखा, आणि पैसा फिरवायला बेनामी खाती. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने ज्या २२ ॲप आणि साइट बंद केल्या, त्यांत ते होतं.

ज्या 'दोनदा पैसे आले'चा तुला एवढा भरवसा वाटतो, त्या नोंदी तर मला सगळ्यात जास्त टोचतात. ३,५०० आणि ६,०००, दोन्ही अनोळखी माणसांच्या खात्यांतून आलेले. ते पैसे कुणाचे, तुला माहीत आहे? परराज्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला पोलिसांच्या नावाने धमकावून काढलेले असू शकतात. तिने १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला, त्यांचा माग निघतो आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचं खातंही गोठतं. तुझा पगार ह्याच खात्यात जमा होतो ना? खोलीचं भाडं, आईच्या औषधांचे पैसे इथूनच जातात. उद्या एटीएम नाही म्हणालं तर शाखेतला माणूस तुला एक तक्रार क्रमांक आणि हजार मैलांवरच्या पोलीस ठाण्याचं नाव लिहून देईल. त्याच्या हातात तेवढंच असतं. माझ्या काउंटरपलीकडे अशी रडवेली तरुण मुलं उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

आणि मेसेजच्या अगदी शेवटी तू सहज म्हणून लिहिलंस, की ज्याने साइटवर खेळायची आयडी दिली तो टेलिग्रामवाला म्हणतो, 'टॅक्स नको भरूस, महिनाभर तुझं खातं वापरायला दे.' हे सहज लिहिण्यासारखं आहे? इथे मला तुझा राग आला, खरंच आला. आत्तापर्यंत तू फसलेला आहेस. खातं दिलंस की फसवणाऱ्यांतला होशील, आणि त्यावेळी 'खेळणाऱ्याला शिक्षा नाही' हे वाक्य तुझ्या कामाचं राहणार नाही.

माझ्या शाखेत एक मुलगा चालू खातं उघडायला आला होता. कपड्यांचं दुकान म्हणाला, गाळ्याचा भाडेकरार जोडला होता. मी शिपायाला पाठवून गाळा बघायला लावला. शटरवर गंज, वीजमीटरचं कनेक्शन तोडलेलं. मी खातं नाकारलं. वरून फोन आला, टार्गेटची आठवण करून देण्यात आली, खातेदारांना त्रास देतो असा शेरा माझ्या नावावर पडला. त्या मुलाने दुसऱ्या बँकेत खातं काढलं, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड कुणाला तरी दिलं, आणि काही महिन्यांनी पोलीस त्याच्या घरी आले. त्याचे वडील भाजी मंडईत हमाली करायचे. त्या माणसाचा चेहरा आठवला की आजही जीव कासावीस होतो. लोक मला आडमुठा म्हणत, अजूनही म्हणतात. म्हणू देत. पत्ता प्रत्यक्ष जाऊन बघायचा हा माझा हट्ट बरोबरच होता, आणि तोच हट्ट मी आज तुझ्याकडे धरतोय. ज्याचं दार बघितलं नाहीस, त्याच्या हाती ना पैसा द्यायचा, ना खातं.

आज काय करायचं ते सांगतो. १९३० वर फोन कर, सगळ्या नोंदी सांग आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेव. रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नकोस, सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढ, मगच ती प्ले स्टोअरऐवजी एपीके फाइलवरून टाकलेली ॲप काढून टाक आणि नेट बँकिंगचे पासवर्ड बदल. शाखेत लेखी अर्ज दे, की ह्या दोन रकमा अनोळखी खात्यांतून आल्या आहेत आणि मी तक्रार केली आहे. पोच घे, शिक्का मारून घे. आधार, पॅन आणि सेल्फीचा व्हिडिओ तू त्यांना देऊन बसला आहेस, तेव्हा आधारचं बायोमेट्रिक लॉक कर. संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर तुझ्या नावाने किती सिम चालू आहेत ते बघ. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून न घेतलेलं कर्ज त्यात दिसतं का तेही पाहा.

त्या १,८४,००० चा विचार मनातून काढून टाक. ते कधी पैसे नव्हतेच, पडद्यावरचा आकडा होता. तुझे गेले ते तू भरलेले ४१,००० आणि ते खरे आहेत, घामाचे आहेत. ते भरून काढायला दुसऱ्या साइटवर जाशील, ह्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

बाबांना सांगू का, असं विचारलंस. सांग, आणि मी सांगण्याआधी तू सांग. ते ओरडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पण तुझ्याबरोबर शाखेत येतील. मी त्यांना तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो.

शनिवारी घरी ये. स्टेटमेंटची छापील प्रत आण, मोबाईलवर दाखवू नकोस. प्रत्येक नोंदीपुढे मला पेनाने खूण करायची आहे.

तुझा,
काका