बाळंतपणाच्या भीतीने झोप उडाली आहे

प्रश्न : ताई, माझे वय २६ आहे. पहिलेच बाळंतपण असून ३४वा आठवडा सुरू आहे आणि मी माहेरी आले आहे. डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांनी आपापल्या हकिकती सांगितल्या, तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. दोन दिवस कळा सोसाव्या लागतील, अंग फाटेल, ओरडले तर नर्स रागावतील, असे विचार येत राहतात. सासूबाईंना सांगितले, तर 'आम्ही काय बाळंत झालो नाही?' असे त्या म्हणाल्या. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : तुमच्यात काहीही कमी नाही. सगळ्यांनी तुम्हाला किती दुखले ते सांगितले, पण कळ येते तेव्हा आत काय घडते ते कुणीच सांगितले नाही, आणि तुमची बरीचशी भीती त्या न सांगितलेल्या भागातून आलेली आहे असे मला वाटते.

एरवी साठ-सत्तर ग्रॅमचे असलेले गर्भाशय दिवस भरेपर्यंत सुमारे एक किलोचे होते, आणि ही वाढ मुख्यतः स्नायूंची असते. कळ म्हणजे या स्नायूंचे आकुंचन. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयाचा वरचा भाग थोडा आखूड होतो आणि पुन्हा पूर्ण सैल पडत नाही, त्यामुळे खालचे तोंड पातळ होत, वर ओढले जात, हळूहळू १० सेंटिमीटरपर्यंत उघडते. ऐन भरातली कळही साधारण मिनिटभर टिकते, मग ओसरते, आणि पुढची येईपर्यंत अंग सैल सोडून विसावा घेता येतो. 'दोन दिवस कळा' सांगणाऱ्या बायका खोटे बोलत नाहीत. मात्र त्या बहुधा सुरुवातीच्या मंद, अनियमित कळांचे तासही त्यात धरतात, ज्या काळात खाता-पिता, फिरता आणि डुलकी काढता येते. तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यानंतरचा जोराचा टप्पा पहिलटकरणीतही सहसा १२ तासांच्या आत संपतो.

फाटण्याविषयी स्पष्टच लिहिते. पहिल्या वेळी योनीमार्गाजवळ लहानशी चीर पडणे नेहमीचे आहे. ती जागा बधिर करून टाके घालतात आणि ती भरून येते. खोलवर इजा फार थोड्या जणींना होते. ३५व्या आठवड्याच्या सुमारास योनी व गुदद्वार यांमधल्या भागाला स्वच्छ हातांनी हलका मसाज सुरू केल्यास टाक्यांची शक्यता काहीशी कमी होते, तेव्हा पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडून तो समजून घ्या.

घाबरल्यावर श्वास उथळ होतो, जबडा आणि मांड्या आवळल्या जातात, आणि तेच दुखणे अधिक दुखते. म्हणून रोज दहा मिनिटे सावकाश, लांब श्वास सोडत खांदे आणि जबडा सैल करण्याचा सराव करा. कळेच्या वेळी कण्हावेसे, ओरडावेसे वाटले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि त्यावरून कुणी रागावण्याचा तर प्रश्नच येऊ नये. प्रसूतीच्या वेळी जवळचे माणूस सतत सोबत असले तर सिझरची गरज कमी पडते, असे अभ्यासांतून दिसले आहे. सरकारी रुग्णालयांत अशा सोबतीला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मुभा दिली. खासगी दवाखान्यात मात्र ते आधीच विचारून ठेवावे. त्याच भेटीत कळा सुरू असताना फिरू देतील का, वेदना कमी करण्यासाठी काय सोय आहे आणि सिझर कोणत्या कारणांनी करतात, हेही विचारा. सिझर करावे लागले तर तो तुमचा पराभव मानू नका.

सासूबाईंच्या काळी असे विचारायची सोय नव्हती, म्हणून त्यांचे बोलणे मनाला लावून घेऊ नका. पण झोप अशीच उडत राहिली, तर 'मला फार भीती वाटते' हे वाक्य डॉक्टरांना याच शब्दांत सांगा आणि समुपदेशकाकडे पाठवण्याची विनंती करा.

बाळाची हालचाल कमी जाणवली, रक्त किंवा पाणी गेले, डोके खूप दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली, किंवा ३७ आठवड्यांपूर्वीच नियमित कळा सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. तो क्रमांक आजच घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये नोंदवून ठेवा.