परतफेडीची घाई नको

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. तुझ्या ऑफिसातील त्या वरिष्ठ सहकारी बाई आणि त्यांचे यजमान ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाच्या मोटारशर्यतीला जाणार आहेत, त्यांच्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, तुझ्यासाठी जागा आहे, तिकिटाचे पैसेही ते घ्यायला तयार नाहीत, आणि तू मात्र नम्र नकाराचा मजकूर लिहून तो मला तपासायला पाठवला आहेस. मजकूर मी नीट वाचला. त्यात शब्दाची चूक नाही, सौजन्यातही काही उणे नाही. तरीही तो तू पाठवू नयेस असे मला मनापासून वाटते. कारण सांगायला थोडी जागा लागेल, म्हणून फोनवर न बोलता हे सारे लिहून पाठवते आहे.

न जाण्याची तू तीन कारणे दिली आहेस. मोटारी एकाच वाटोळ्या रस्त्यावर तासन्‌तास फिरतात, त्यात पाहण्यासारखे काय आहे, हे पहिले. तिथल्या गर्दीत आपण एकट्याच वेगळ्या दिसू, हे दुसरे. तिसरे तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहेस: त्यांचे आधीच खूप उपकार झाले आहेत, आणखी किती घ्यायचे? खरे कारण हेच आहे, असे मी धरून चालते. तू उत्तर कॅरोलिनात, शार्लटला नवी असताना वाहन परवान्याच्या चाचणीसाठी त्यांनी स्वतःची गाडी दिली आणि रजा काढून त्या तुझ्याबरोबर थांबल्या. तुला ताप आला तेव्हा त्यांनी दाराशी सूपचे भांडे ठेवले, बेल वाजवली, आणि तुला उठून गप्पा माराव्या लागू नयेत म्हणून त्या लगेच निघून गेल्या. या दोन्ही गोष्टी तू मला त्या त्या वेळी कळवल्या होत्यास, आणि दोन्ही वेळा पुढच्याच ओळीत हेही लिहिले होतेस की दुसऱ्या दिवशी तू त्यांना गिफ्ट कार्ड नेऊन दिलेस. सूप कसे होते, हे मात्र तू लिहिले नाहीस.

ही सवय कुठून येते ते मला ठाऊक आहे, कारण मीही तशाच घरात वाढले. कुणाच्या उपकारात राहू नये ही शिकवण आपल्याकडे स्वाभिमानाचा कणा मानली जाते, आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्याच घरांत आणखी एक रीत होती. शेजारून आलेला डबा रिकामा परत जात नसे. मात्र तो दुसऱ्या दिवशी सकाळीही परत जात नसे. आपल्या घरी काही निराळे होईपर्यंत, लाडू वळले जाईपर्यंत किंवा अळूवड्या तळल्या जाईपर्यंत, तो आपल्या फडताळात राहत असे आणि तेवढे दिवस दोन्ही घरांना एकमेकांची आठवण राहत असे. शेजारधर्म त्या मधल्या दिवसांत होता. तू करतेस ती परतफेड फार वेगाने होते. समोरच्या माणसाने मायेने केलेली गोष्ट एका दिवसात मिटवून टाकली जाते, आणि तिच्यातला आनंद त्यांनाही पुरता मिळत नाही, तुलाही नाही. आपण या देशात एकटे आहोत असे तू वरचेवर लिहितेस. त्या एकटेपणाचा काही भाग या घाईतून येतो, असे माझे मत आहे.

आता शर्यतीविषयी. टॅलाडेगा हे अलाबामा राज्यातले लहान गाव आहे. तिथला ट्रॅक १९६९ साली सुरू झाला. त्याची एक फेरी २.६६ मैलांची, म्हणजे सव्वाचार किलोमीटरहून थोडी अधिक आहे, आणि वळणांवर रस्ता ३३ अंशांनी तिरपा आहे. अशा १८८ फेऱ्या, म्हणजे ५०० मैल, मोटारी धावतात. बिल फ्रान्स यांनी १९४८ मध्ये नॅसकार या, अशा शर्यती भरवणाऱ्या संस्थेची स्थापना केली त्या काळात या शर्यतींत दुकानातून घेतलेल्या साध्या मोटारीच उतरत, म्हणून त्यांना स्टॉक कार म्हणत. आज नाव तेवढे उरले आहे, आतले यंत्र पूर्णपणे शर्यतीसाठीच घडवलेले असते. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग असताना मोटारीचा सर्वांत मोठा अडथळा हवा हाच असतो. पुढची मोटार ती हवा फोडते आणि मागची तिच्या आडोशाने धावते, त्यामुळे मागचीला कमी जोर लागतो. इथवरचे कुणालाही पटेल. पण मागची अगदी जवळ आली की पुढच्या मोटारीचाही लाभ होतो. तिच्या पाठीशी हवेचा दाब कमी होऊन जी ओढ तिला मागे खेचत असते, ती ओढ मागच्या मोटारीमुळे घटते. म्हणून दोन मोटारी एकमागोमाग चिकटून धावल्या तर एकटीपेक्षा दोघींचाही वेग वाढतो. याला ड्राफ्टिंग म्हणतात, आणि टॅलाडेगाला मोटारींच्या लांबच लांब रांगा दिसतात त्या याच कारणाने.

ज्युनिअर जॉन्सन या चालकाने १९६० साली फ्लोरिडातल्या डेटोना ५०० शर्यतीत याचा उपयोग करून दाखवला. त्याची शेवरोले इतरांच्या पाँटियाकपेक्षा हळू होती. सरावात त्याच्या ध्यानात आले की वेगवान मोटारीच्या अगदी मागे राहिले तर आपण मागे पडत नाही, आणि त्याच बळावर त्याने ती शर्यत जिंकली. दुसऱ्याचा आडोसा घेतला म्हणून त्याच्या विजयाला कुणी उणे मानले नाही. या चालकांच्या मनात त्या क्षणी परोपकार नसतो, हे मी जाणते. शेवटच्या फेरीत तेच सोबती एकमेकांना सोडून निघून जातात. पण घेणारा देणाऱ्याचे काहीतरी कमीच करतो, असे जे तू गृहीत धरले आहेस, ते तिथे तुझ्या डोळ्यांदेखत खोटे ठरेल. त्या बाईंना तुझ्यासाठी सूप करताना काही मिळाले नसेल, असे तू कशावरून ठरवलेस?

तिथे गेल्यावर रेडिओ स्कॅनर भाड्याने मिळतो, तो अवश्य घे. त्यावर चालक आणि त्याच्या स्पॉटरचे बोलणे ऐकू येते. चालकाचे डोके आणि मान संरक्षणासाठी जखडलेली असतात, खिडकीला जाळी असते, त्यामुळे बाजूला कोण आले ते त्याला नीट दिसत नाही. स्पॉटर उंचावर, स्टँडच्या माथ्यावर उभा राहून सारी शर्यतभर त्याला सांगत असतो की आतल्या बाजूला एक मोटार आहे, बाहेर एक आहे, आता मोकळे आहे. तो आवाज बहुधा शांत असतो आणि चालक त्यावर विसंबून ताशी तीनशेच्या वेगात मोटार वळवतो. मला स्वतःला शर्यतीपेक्षाही हे बोलणे ऐकायला आवडते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे. डेल अर्नहार्ट हा या खेळातला फार मोठा चालक होता. त्याने सात वेळा अजिंक्यपद मिळवले होते, आणि त्याची मोटार आरशात दिसली की पुढचे चालक बिचकत, इतका त्याचा दरारा होता. पण डेटोना ५०० ही सर्वांत मानाची शर्यत त्याला वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिली. १९९० मध्ये तर शेवटच्या फेरीत, तो सर्वांत पुढे असताना, त्याचा टायर फाटला. १९९८ साली तो विसाव्यांदा त्या शर्यतीत उतरणार होता. शर्यतीआधी व्हीलचेअरमधील सहा वर्षांची एक आजारी मुलगी त्याला भेटली. त्याला भेटावे ही तिची इच्छा होती आणि ती पुरी करण्यासाठी तिला तिथे आणले होते. देणारा तो आणि घेणारी ती, असाच त्या भेटीचा अर्थ सर्वांनी लावला असणार. पण त्या मुलीने आपल्याजवळचे एक सेंटचे नाणे शुभशकुन म्हणून त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते घेतले आणि मोटारीच्या डॅशबोर्डवर चिकटवून टाकले. १५ फेब्रुवारी रोजी त्याने ती शर्यत जिंकली. टायर-पेट्रोलसाठी मोटारी जिथे थांबतात त्या पिट रोडवरून तो हळूहळू येऊ लागला तेव्हा, त्याला हरवण्यासाठी दुपारभर झटलेल्या सगळ्या संघांची माणसे बाहेर येऊन रांगेत उभी राहिली आणि खिडकीतून बाहेर आलेल्या त्याच्या हातात हात देत राहिली.

नाण्यामुळे तो जिंकला असे मी म्हणत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे घेणे. ज्याला पैशांची किंवा कौतुकाची काही वाण नव्हती, त्याने एका लहान मुलीकडून एक सेंट घेतला, तो खिशात टाकून विसरून गेला नाही, तर शर्यतभर आपल्या नजरेसमोर राहील अशा जागी लावला. तिला काही देऊन तो यापेक्षा अधिक आनंद देऊ शकला असता, असे मला वाटत नाही. तीन वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच ट्रॅकवर शेवटच्या फेरीत अपघात होऊन तो गेला. ती जिंकलेली मोटार नाण्यासकट उत्तर कॅरोलिनातच, वेलकम नावाच्या गावी, त्याच्या संघाच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. शार्लटहून तासाभराचा रस्ता आहे. टॅलाडेगाहून परतल्यावर एखाद्या शनिवारी जाऊन ये.

तुझे दुसरे कारण मी हलके मानत नाही. या खेळाचा इतिहास तुझ्यामाझ्यासारख्यांना निर्धास्त करणारा नाही. वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाने १९६३ मध्ये जॅक्सनव्हिलला शर्यत जिंकली तेव्हा विजेता म्हणून दुसऱ्याच चालकाचे नाव पुकारले गेले. चूक काही तासांनी मान्य झाली, पण खरा चषक त्याला हयातीत मिळाला नाही, तो त्याच्या कुटुंबाला २०२१ साली देण्यात आला. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या राज्यांचे निशाण या मैदानांवर सर्रास फडकत असे, त्यावर नॅसकारने बंदी घातली ती २०२० च्या जूनमध्ये. त्याच महिन्यात टॅलाडेगाला बब्बा वॉलेस या कृष्णवर्णीय चालकाच्या गॅरेजमध्ये फासाच्या आकाराचा दोर आढळला. तो दोर आदल्या वर्षीपासून तिथे होता आणि वॉलेसला उद्देशून बांधलेला नव्हता, असे पुढे तपासात निष्पन्न झाले. पण ते कळण्याआधी, शर्यतीच्या दिवशी, बाकीचे सारे चालक आणि त्यांचे कर्मचारी त्याच्या ४३ क्रमांकाच्या मोटारीला हात लावून ती रांगेच्या अग्रभागी ढकलत घेऊन गेले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, याच ट्रॅकवर वॉलेस जिंकला. स्कॉटनंतर या सर्वोच्च मालिकेत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय चालक. आपल्या भारताच्या नारायण कार्तिकेयन या चालकाने २०१० मध्ये नॅसकारच्या पिकअप ट्रकांच्या मालिकेत काही शर्यती केल्या तेव्हा, चाहत्यांनी त्याला त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडले होते. कुणी वाकडे पाहणारच नाही, असे आश्वासन मी तुला देऊ शकत नाही. मात्र तू एकटी जाणार नाहीस, तुला जपणाऱ्या माणसांबरोबर जाणार आहेस, आणि काही खटकले तर ते त्यांना तिथल्या तिथे सांग. मनात ठेवू नकोस.

मी शार्लटला राहत असताना पाहिलेल्या शर्यतींपैकी मला जी सर्वाधिक आठवते तिच्यातला विजेता कोण, हे मला आज सांगता येणार नाही. त्या दिवशी पाऊस आला. अशा लंबवर्तुळाकार मोठ्या ट्रॅकवर ओल्या रस्त्यावर शर्यत होत नाही. पाऊस थांबला की मोठमोठी यंत्रे फिरवून पृष्ठभाग वाळवावा लागतो आणि त्यात तास जातात. शेजारच्या खुर्चीवरील आजोबांनी न विचारता आपल्या प्लास्टिकच्या झग्याखाली माझ्यासाठी जागा केली. मग त्यांच्या बायकोने घरून आणलेले सँडविच दिले आणि मी माझी पुडी उघडून शंकरपाळे दिले. पाऊस थांबेपर्यंत त्यांनी मला टायर कधी बदलतात, पेट्रोल किती भरतात, सावधगिरीचा पिवळा झेंडा आला की सगळे का घाईने आत वळतात, हे समजावून सांगितले. त्यांचे नाव मी विचारले नाही, पत्ता घेतला नाही, आणि परतफेडीचा काही मार्गच नव्हता. तो दिवस इतका मोकळा वाटण्याचे ते एक कारण असावे.

म्हणून तू जा. शार्लटहून अटलांटामार्गे साडेपाच-सहा तास लागतील. अलाबामाचे घड्याळ एक तास मागे आहे, हे लक्षात ठेव. कानात घालायचे फोमचे बोळे घे आणि चार जोड जास्त घे, कारण कुणीतरी विसरलेले असतेच आणि लहान मुलांच्या कानांना तो आवाज फार लागतो. आत घरचे खाणे नेता येते, तेव्हा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कर, पण पाहुणचाराची भरपाई म्हणून नव्हे, तर सगळ्यांनी मिळून खायला. कॅम्परमध्ये भांडी विसळायची वेळ आली तर उठून विसळ. त्यांनी "राहू दे" म्हटले तर एकदा आग्रह कर आणि मग खरोखरच राहू दे. तुला न कळणाऱ्या गोष्टी त्यांच्या यजमानांना विचार. वर्षानुवर्षे या खेळावर प्रेम करणाऱ्या माणसाला नवख्याचे प्रश्न किती सुखावतात, ते तुला पहिल्या दहा मिनिटांत दिसेल. परत आल्यावर निदान महिनाभर गिफ्ट कार्डाचे नाव काढू नकोस. संक्रांतीला तिळगूळ केलास की त्यांच्या घरी घेऊन जा आणि बसून चहा पी.

मजकुराची पहिली ओळ, ज्यात तू आमंत्रणाबद्दल आभार मानले आहेस, ती तशीच ठेव. तिच्यापुढचे सगळे काढून टाक आणि आनंदाने येते असे लिही. उत्तर आजच पाठव, म्हणजे झोपण्याच्या जागेची व्यवस्था त्यांना वेळेवर करता येईल.

कळावे,

तुझी मावशी