कॉइलचं कव्हर: विकतचं की घरचं?

प्रश्न: मेटल डिटेक्टरच्या कॉइलचा (जमिनीवरून फिरवायच्या चकतीचा) तळ खडकाळ जमिनीवर घासून पांढरा पडला, म्हणून विकतचं कव्हर बसवलं. आता डिटेक्टर विनाकारण वाजतो. कव्हर काढलं की शांत. घरी बनवलं तर हा त्रास टळेल का?

उत्तर: दोष बहुधा कव्हरचा नाही, आत साठलेल्या मातीचा आहे. कव्हर उतरवून कडेची खाच पाहा. तिथे बारीक काळी वाळू बसलेली सापडेल. या वाळूत मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. ती कॉइलला अगदी लागून असते आणि प्रत्येक झोक्याबरोबर सरकते, म्हणून ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांचा परिणाम वगळण्याची जुळणी) करूनही आवाज थांबत नाही. खारं पाणी शिरलं तर आणखी गोंधळ. दर वापरानंतर कव्हर काढून धुवा, दोन्ही भाग पूर्ण वाळवा, मग कडेवरून इन्सुलेशन टेपचा एक फेरा द्या. कव्हर सैल असेल तर माती पुन्हा शिरणारच. तसं कव्हर बदललेलं बरं.

घरी करायचं तर २ मिमी जाडीची एबीएस (एक कडक प्लास्टिक) शीट घ्या. जाडी वाढवू नका, कारण कॉइल जमिनीपासून जितकी वर, तितकी शोधाची खोली कमी मिळते. कॉइलची बाह्यरेषा शीटवर आखून कापा, कडा पॉलिश पेपरने गोल करा आणि तळाच्या परिघावर न्यूट्रल (आंबट वास नसलेल्या) सिलिकॉनची अखंड रेघ ओढून चिकटवा. रेघ कुठे तुटली तर नेमकी तिथूनच माती आत जाते. पुढे शीट काढायची झाली तर नायलॉनचा दोरा मधून ओढला की सिलिकॉन कापलं जातं. कडा वळवलेलं कव्हर हवं असेल तर शीट लाकडी साच्यावर तापवा, कॉइलवर कधीच नाही. उष्णतेने कॉइलचं आवरण वाकतं आणि आतली तार जागची हलू शकते.

चिकटवण्याआधी एक चाचणी कराच. डिटेक्टर चालू करून शीट कॉइलसमोर हलवा. काही काळ्या प्लास्टिकमध्ये वीजवाहक कार्बन असतो. जरा जरी आवाज आला तर ती शीट बाद.

प्रश्न: कव्हरऐवजी इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनचा) थर चालेल का?

उत्तर: चालेल, पण स्टीलची भुकटी असलेला इपॉक्सी नको, मेटॅलिक रंगही नको. तळ १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोन वापरू नका, कॉइलचं आवरण बहुधा एबीएसचं असतं आणि ते त्यात विरघळतं. दोन पातळ थर पुरतात. वजन थोडं वाढतं आणि थर पुन्हा निघत नाही, त्यामुळे वॉरंटी चालू असेल तर आमची पसंती सुटणाऱ्या कव्हरलाच.