कंडोम आहेत की, मग सरकारने नव्या औषधांवर पैसा का घालायचा?

एचआयव्ही रोखायला कंडोम असताना नव्या पद्धती शोधण्यावर सरकारने खर्च का करावा, असं तुम्ही विचारलंय. आमचे भाऊजी दर दिवाळीला हेच विचारतात, म्हणून लिहायला बसले.

मी मिरजेत समुपदेशक होते. आटपाडीकडची एक बाई यायची. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, तो पॉझिटिव्ह, ही निगेटिव्ह. कंडोमची पाकिटं दिली, ती तिने पिशवीत मेथीच्या जुडीखाली सरकवली. पुढच्या खेपेला आली ती गालावर वळ घेऊन. सासूला पाकिटं सापडली आणि ‘कुणाकडं जातीस?’ म्हणत नवऱ्यानेच हाणलं. ज्याच्यापायी घ्यावी लागली त्यानेच! मला म्हणाली, “ताई, त्याला न कळता आपलं आपल्याला घेता येईल असं काय नाही का?”

तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. अशा गिऱ्हाइकासाठी कंपन्या आपणहून धावत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत बायकांसाठी टेनोफोविर या औषधाचं योनीत लावायचं जेल तपासलं ते तिथल्या आणि अमेरिकेच्या सरकारी पैशावर. २०१० मध्ये निकाल आला, लागण ३९ टक्क्यांनी कमी. पुढच्या चाचण्यांत ते पडलं, कारण बहुतेकींना ते नेमाने वापरणं जमेना. पण म्हणूनच सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनचं मोल कळतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. हे मात्र कंपनीने काढलं, मान्य. पण अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर! हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरला देणार आहेत. तेवढेही आटपाडीच्या बाईने कुठून आणायचे?

भाऊजी म्हणतात, लोकांच्या पापाला आमचा कर का? भाऊजी, तुमच्या कारखान्याच्या कर्जाला सरकारची थकहमी लागते, ती कुणाच्या पुण्याईवर? आणि त्या बाईचं पाप कुठलं, लग्न केलं हे?

हां, इंजेक्शनने बाकीचे गुप्तरोग थांबत नाहीत, कंडोम लागणारच. शिवाय नवऱ्याने एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, नेमाने घेतली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला राहिला, तर बायकोला लागण होत नाही. त्याचा भक्कम पुरावा २०११ मध्ये मिळाला तो सरकारी पैशाच्याच चाचणीत, आणि तिच्यात पुण्यातली जोडपीही होती. पण तीही गोळी नवऱ्याच्याच हातातली.

स्वतःसाठी विचारत असाल तर १०९७ लावा, फुकट आहे.