सिगारचा धूर आत घेत नाही, तरी हृदयाला धोका आहे का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझं वय ४६. सिगारेट कधी ओढली नाही, तंबाखू खात नाही, पण गेली चार-पाच वर्षं महिन्यातून एक, कधी दोन सिगार होतात, तेही मित्र जमले तरच. धूर मी आत घेत नाही, तोंडात घोळवून सोडून देतो. मागच्या महिन्यात सिगार संपत आली असताना एकदम धडधडायला लागलं, घाम फुटला, मळमळलं, अर्ध्या तासात आपोआप बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला तो नॉर्मल आला. पण माझ्या वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता त्यामुळे डोक्यातून विषय जात नाहीये. मित्र म्हणतात सिगार म्हणजे शुद्ध पान, सिगारेटसारखी केमिकल्स नसतात. महिन्याला एखाददुसऱ्या सिगारने खरंच काही होतं का? नुसतं 'सोडून द्या' असं उत्तर नको, कारण सांगा.

उत्तर : कारण सांगतो, पण आधी त्या रात्रीबद्दल बोलू. तुम्ही लिहिलंय त्यावरून ते निकोटिन अंगावर आल्यासारखं वाटतं. सवय नसलेल्या माणसाला धडधड, घाम, मळमळ हे तिन्ही त्यानं होतं. पण तेच तिन्ही हार्ट अटॅकमध्येही होतं, आणि त्रास थांबल्यावर दुसऱ्या दिवशी काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक असं धरून चालू नका. वडिलांचा इतिहास आहे, त्यामुळे एकदा हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांना गरज वाटली तर ते स्ट्रेस टेस्ट, म्हणजे चालवून-पळवून हृदयाची तपासणी, करतील. आणि पुन्हा कधी छातीवर दाब आला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, दम लागला तर बरं वाटायची वाट बघत बसू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

आता धूर आत न घेण्याबद्दल. हा गैरसमज इतका पसरलाय की मला त्याची काळजी वाटते. सिगारेटचा धूर जरा आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून माणूस तो फुप्फुसात ओढतो. सिगारचा धूर अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, असतो आणि त्यातलं निकोटिन गालाच्या, जिभेखालच्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात जातं. निकोटिन गम कसा काम करतो? तसाच, तोंडातून. पुढच्या वेळी मित्राच्या हातातल्या सिगारचं ओठात धरायचं टोक नीट बघा, भिजून मऊ पडलेलं असतं, तपकिरी रस सुटलेला असतं. तो रस तोंडातच जात असतो, नुसती न पेटवलेली सिगार ओठात धरली तरी थोडं निकोटिन अंगात जातं.

त्यात आकार बघा. एका सिगारेटमध्ये १ ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते, मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम, म्हणजे काही सिगारमध्ये जवळपास अख्ख्या पाकिटाएवढी. ती तास-दीड तास चालते आणि तेवढा वेळ निकोटिन अॅड्रेनलिन वाढवत राहतं, नाडी वाढते, बीपी वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात. सिगार आखूड होत जाते तसं उरलेल्या तुकड्यात आधीच्या धुरातलंही बरंच साठलेलं असतं, तुम्हाला त्रास शेवटी शेवटी झाला त्यात मला नवल वाटत नाही.

शुद्ध पान म्हणाल तर पान पेटवलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होणारच, त्याला बाहेरून केमिकल घालायला लागत नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे हृदय जोरात धावतंय आणि त्याला ऑक्सिजन मात्र कमी मिळतोय. तोंडात धूर घोळवणाऱ्याच्या रक्तात तो कमी जातो हे खरं, पण बंद खोलीत चौघं सिगार ओढत बसलेत तर श्वास तुम्ही त्याच हवेतून घेताय. शिवाय सिगारची तंबाखू आंबवून मुरवतात, त्यात नायट्रोसामाइन नावाची कॅन्सर करणारी द्रव्यं तयार होतात, म्हणून तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका धूर आत न घेणाऱ्यालाही असतो.

आता आकडे. १९९९मध्ये अमेरिकेत १७,७७४ पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात फक्त सिगार ओढणाऱ्यांना सिगार न ओढणाऱ्यांपेक्षा हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा धोका २७ टक्के जास्त आढळला. हा आकडा महिन्याला एक ओढणाऱ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि उगाच घाबरवायला मी तो लावणारही नाही. अधूनमधून ओढणाऱ्यांवर नीट अभ्यास फारच कमी झालेत, २०२२च्या अमेरिकन नॅशनल अकॅडमीजच्या अहवालातही हेच म्हटलंय. पण २०१८मध्ये सिगारेटवरच्या बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यात रोज २० सिगारेटींनी हृदयाचा जितका धोका वाढतो त्याचा जवळजवळ निम्मा रोज एकाच सिगारेटनेही वाढतो असं दिसलं. हृदयाच्या बाबतीत धोका हिशोबात, सरळ रेषेत कमी होत नाही. थोडीशीच ओढतो ना, हे समाधान फुप्फुसांपुरतं काही अंशी ठीक, धमन्यांना ते लागू पडत नाही.

म्हणून माझं मत असं : तब्येत चांगली, घरात हृदयरोग नाही अशा माणसाला महिन्याच्या एका सिगारने होणारं नुकसान बहुधा लहान असेल, शून्य नाही. तुमचं तसं नाहीये. वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत हृदयरोग झाला तर तो स्वतंत्र धोका धरतात, म्हणजे तुमची सुरुवातच वरच्या पायरीवरून आहे. मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बीपी, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साखर आणि एकदा लायपोप्रोटीन-ए हा रक्तातला कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण तपासून घेतला असता, हे शेवटचं आनुवंशिक असतं आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. सिगार बंद केली पण एलडीएल तपासलंच नाही तर अर्धंच काम होईल. मित्रांमध्ये जरूर बसा, मात्र मोकळ्या हवेत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसला. रोजच्या २० सिगारेटी त्यांनी सोडल्या पण आता रोज संध्याकाळी एक छोटी सिगार असते, म्हणतात ही चालते. डॉक्टरांना सांगू देत नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, चालत नाही. त्यांचं प्रकरण वरच्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. इतकी वर्षं सिगारेट ओढलेला माणूस सिगारही सवयीने छातीत ओढतो, त्याला स्वतःलाही ते कळत नाही. धुराने प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, चिकट होतात, आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून जी गोळी ते घेतात, ती ज्या गुठळीला अडवते तिलाच धूर मदत करतो.

त्यांना दोष देऊ नका. २० वरून शून्यावर येणं सोपं नव्हतं, ते त्यांनी केलं, आता उरलीय ती निकोटिनची ओढ, आणि तिच्यावर उपचार आहेत, पॅच, गम, व्हॅरेनिक्लिनची गोळी. हृदयरोग असलेल्यांनाही ते डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतात. पूर्ण सोडल्यावर साधारण वर्षभरात धूम्रपानामुळे वाढलेला हृदयरोगाचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे त्यांना सांगा.

डॉक्टरांपासून लपवण्याबद्दल : माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, फॉर्मवर 'धूम्रपान' पुढे दर वेळी 'नाही' लिहायचे, तिसऱ्या भेटीत शर्टच्या खिशातून सिगारचं टोक दिसलं. विचारलं तर म्हणाले, ही धरतात होय? खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की धरत नाहीत. तुमच्या मिस्टरांचंही तसंच असू शकतं. पुढच्या फॉलोअपला तुम्ही सोबत जा, आणि रोज एक सिगार, इतक्या महिन्यांपासून, एवढं ते स्वतः सांगतील असं आधी घरी ठरवून घ्या.