नव्वदच्या दशकातल्या जुन्या ४८६ पीसीला त्याच काळातला इंकजेट (शाईचे थेंब उडवून छापणारा) प्रिंटर जोडायचाय, कोणता घेऊ?

एचपीचा डेस्कजेट घ्या. नेमका कोणता ते पुढे सांगतो.

तुम्ही लिहिलंय की मशीनवर डॉस आणि विंडोज ३.१ चालतं, आणि डेस्कजेट ५००, कॅननचा बबलजेट आणि एप्सनचा स्टायलस यांत मन अडकलंय. शेवटी सहज जोडलंय की मित्र म्हणतो, 'त्यापेक्षा डॉट मॅट्रिक्स घे, मरत नाही.' डॉट मॅट्रिक्स म्हणजे शाईच्या रिबनवर पिना आपटून ठिपक्याठिपक्याने छापणारा प्रिंटर. या वाक्यासाठीच मी उत्तर लिहायला बसलो. आमचे भावोजी नव्वदच्या दशकापासून हेच म्हणत आलेत.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. मी तेव्हा घरी टायपिंगची कामं घ्यायचो: विद्यापीठाच्या मुलांचे प्रबंध, लग्नाचे बायोडेटे, असलं काहीबाही. भावोजी एका सरकारी कचेरीत हिशेबात. तिथे १३२ कॉलमचा (एका ओळीत १३२ अक्षरं) डॉट मॅट्रिक्स दिवसभर कर्रकर्र करायचा आणि त्या आवाजावर त्यांची श्रद्धा. एका वर्षी गणेशोत्सवाच्या देणगीदारांची यादी छापायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ९ पिनांचं मशीन, त्यात रिबन वाचावी म्हणून ड्राफ्ट मोड, म्हणजे फिकी, घाईची छपाई. इंग्रजी त्यात ठीक दिसतं हो, पण देवनागरी? शिरोरेघेवर आणखी एक ठिपका उमटायला जागाच नाही, अनुस्वार रेघेत बुडाला. लोंढ्यांचे लोढे झाले, संतांचे सत झाले आणि शिंद्यांचे शिदे. होळकरांच्या गावात शिंद्यांचा अनुस्वार खाल्ला म्हटल्यावर काय होणार! शिंदेकाका आरतीला आले ते यादी हातात घेऊनच. रफार आणि मात्रा यांतला फरक तर घरातल्या माणसालाही कळत नव्हता.

पुढच्या वर्षी यादी माझ्या डेस्कजेट ५०० वर निघाली. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), साधा झेरॉक्सचा कागद, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. शिंदेकाकांनी चष्मा वर करून आपलं नाव वाचलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत. भावोजींनी मात्र सगळ्यांसमोर तीर्थाच्या पळीत बोट बुडवलं आणि यादीवरून फिरवलं. शाई थोडी पसरली. 'बघ, ही तुझी छपाई!' अहो, देणगीदारांची यादी काय कोणी भिजवून वाचतं?

असो. आता तुमचं.

एचपीचा पहिला इंकजेट, थिंकजेट, १९८४ चा: शाई उडवणारी १२ छिद्रं, म्हणजे नोझल, ९६ डीपीआय आणि कागदही खास लागायचा. तो कपाटात ठेवायला छान. खरा घरगुती इंकजेट १९८८ च्या डेस्कजेटपासून. त्याची आणि १९९० च्या ५०० ची खुबी एकच: छापणारं हेड कार्ट्रिजवरच असतं. हेड गेलं की कार्ट्रिज बदला, मशीन नवंच. बबलजेटमध्ये बीजे-१० सारख्या लहान मशीनची तऱ्हा साधारण हीच, पण कॅननची कार्ट्रिजं शोधत तुम्ही इंदुरातल्या जेल रोडपासून सिल्व्हर मॉलपर्यंत चपला झिजवाल. स्टायलस कलर १९९४ चा, ७२० डीपीआय, छपाई देखणी, कबूल. पण त्याचं पिएझो हेड (उष्णतेऐवजी विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकाने शाई ढकलणारं) मशीनमध्ये कायमचं बसवलेलं. वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेल्या मशीनच्या हेडात शाई वाळून दगड झालेली असते. फुकट मिळाला तरी विचार करा.

आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर नोझल बघता बघता सुकतं. त्यात छपाई चालू असताना लाइट गेली की हेड मध्येच उघडं राहतं. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की तो हेड नक्की कोपऱ्यात नेऊन रबराच्या टोपीवर बसवतो. भावोजी आमच्याकडे आले की जाताना बोर्डावरचा स्विच खटकन बंद करायचे, 'वीज वाचते' म्हणून, आणि सकाळी पानावर पांढऱ्या रेघा. मग कोमट पाण्याने ओलं केलेलं मऊ फडकं, त्यावर कार्ट्रिजची नोझलची बाजू थोडा वेळ टेकवून ठेवायची, शाईचा डाग उमटला की परत बसवायचं. घासायचं नाही. सिरिंजने शाई भरणार असाल तर प्रिंटरचीच भरा. फाउंटन पेनाची भरलीत तर आतल्या तापणाऱ्या हीटरवर ती करपून बसेल.

मॉडेलबद्दल. ५०० ला २६ नंबरचं कार्ट्रिज लागतं. मिळालं तरी बहुधा जुन्या साठ्यातलं, तारीख उलटलेलं. म्हणून मी तुमच्या जागी १९९५ चा डेस्कजेट ८५०सी किंवा त्याच्या पाठचा ८७०सी शोधेन. त्यात काळ्यासाठी ४५ नंबर बसतं, आणि कारखान्यांत खोक्यांवर तारीख-बॅच छापणारी यंत्रं ते अजून वापरतात, त्यामुळे ते मिळतं. ती काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची आहे, पळीतल्या पाण्याला दाद देत नाही. आपल्या भावोजींना मी हे सांगितलं आहे. ७१०, ७२० आणि ८२० मात्र टाळा; त्यांचा मेंदू विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे, निव्वळ डॉसमधून ती ढिम्म हलत नाहीत. रंगीत हवा म्हणून ५००सी घेऊ नका: एका वेळी एकच कार्ट्रिज बसतं, रंगीत लावलं की काळा तीन रंग कालवून करतो आणि तो चिखलासारखा दिसतो. ५५०सी मध्ये दोन्ही एकदम बसतात.

हो, कार्बन लावून तीन प्रतींची बिलं काढायची असतील तर डॉट मॅट्रिक्सच लागेल, तिथे तुमचा मित्र बरोबर. ऑफसेटसाठी ट्रेसिंगवर प्रिंट हवी असेल तर लेझर. इंकजेटची शाई ट्रेसिंगवर वाळत नाही, हाताला लागते.

विकणाऱ्याने सेल्फ टेस्टचं (प्रिंटर स्वतःहून छापतो ते तपासणीचं) पान समोर काढून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि तो 'नवी रिबन टाकली की पळेल' म्हणाला, तर तो आमच्या भावोजींच्या कचेरीतून निवृत्त झालेला आहे असं समजून पुढच्या दुकानात जा.