किडनी बदलल्यावरच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, मग त्या बंद कराव्यात का?

तुमच्या पस्तिशीतल्या भावाची किडनी बदलून तीन वर्षं झाली आणि कुणाचं तरी ऐकून तो कॅन्सरच्या धास्तीने गोळ्या सोडायला निघालाय, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्याला थांबवा. गोळ्या सोडल्या की शरीर नवी किडनी नाकारतं, आणि पुन्हा डायलिसिसची खुर्ची.

मी इंदूरचा, रामबागेतला. २०१३ साली आईची किडनी मिळाली. तेव्हापासून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू: टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट सकाळी नऊ, रात्री नऊ, प्रेडनिसोलोन सकाळीच.

भावाला कुणी सांगितलं ते अगदीच खोटं नाही. अवयव बदललेल्यांना कॅन्सरचा धोका इतरांच्या साधारण दोन ते चार पट असतो. तरुणांत ही पट याहूनही जास्त असते, पण पस्तिशीत मूळ धोका थोडा असतो. जी प्रतिकारशक्ती परक्या किडनीवर तुटून पडते, तीच बिघडलेल्या पेशी आणि अंगात दबा धरून बसलेले विषाणू आवरत असते. एक दाबली की दुसरंही ढिलं पडतं. एपस्टाईन-बार विषाणू बहुतेकांच्या अंगात असतो. तो उचल खातो तेव्हा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, होऊ शकतो. त्यावर बहुधा आधी गोळ्यांचा डोसच कमी करतात, पण डॉक्टर, रक्तातली औषधाची लेव्हल बघून. आपण घरी नाही.

गोऱ्या लोकांत या गोळ्यांमुळे त्वचेचा कॅन्सर फार. आपल्याकडे कमी, तरी सूट नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या न्हाव्याने वस्तरा थांबवला आणि म्हणाला, "भिया, कानामागे ये क्या खुरदुरा है?" आरशात दिसेना, बोटाला लागत होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवस घरात पोहेही कुणाला गोड लागेनात. निघाली चामखीळ! तीही याच गोळ्यांची देणगी, कारण चामखिळीही विषाणूच्याच.

भाऊ गुटखा खातो का? खात असेल तर भांडण गोळ्यांशी नाही, त्या पुडीशी करा. दुपारच्या उन्हात टोपी, पूर्ण बाह्या. गाठ, न भरणारी जखम, तोंडातला पांढरा चट्टा दिसला तर लगेच दाखवायचं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: टॅक्रोलिमसची लेव्हल किती ठेवायची? आणि ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी चालू असेल तर बदलता येईल का? तिने त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं, डबी सोबत न्या.